हेडफोनचा ग्राफ बघण्याआधी अब्दुल करीम खाँ यांची गोष्ट वाचा

हेडफोन घ्यायचा म्हटलं की आजकाल बरेच जण रिव्ह्यूमध्ये खाली स्क्रोल करून आधी ग्राफ शोधतात. आडवी बाजू हर्ट्झमध्ये, उभी बाजू डेसिबलमध्ये आणि मधून जाणारी एक वाकडीतिकडी रेघ. ज्याची रेघ चांगली त्याचा ड्रायव्हर चांगला, असा सरळ हिशोब. मग कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, मोजमाप हेच खरं. दुसरी म्हणते, कानाला जे गोड लागतं तेच खरं.

हा वाद हेडफोनपेक्षा जुना आहे. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सांगली, मिरज आणि पुणे या आपल्याच पट्ट्यात तो रंगला होता, आणि त्याच्या मधोमध एक गायक होता: उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचा सूर तारेवर मोजला गेला. त्यांचा आवाज दोन वेगवेगळ्या तंत्रांनी रेकॉर्ड झाला. म्हणजे आवाज तोच, पण त्याला पकडणारं यंत्र वेगळं. ड्रायव्हरची तुलना शिकायला याहून चांगलं उदाहरण मिळणं कठीण आहे. म्हणून आज स्पेसिफिकेशन बाजूला ठेवू आणि या माणसाचं आयुष्य बघू.

कैराना ते मिरज

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. हे गाव आज शामली जिल्ह्यात येतं. 'किराणा' घराण्याचं नाव याच गावावरून पडलं. वाणसामानाशी त्याचा काही संबंध नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं आणि सारंगी होती. मुलगा गायला शिकला, सारंगी शिकला, बीन शिकला. वाद्यं उघडून दुरुस्त करण्याचाही त्यांना नाद होता. आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस फक्त ऐकणारा नव्हता, स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारा होता.

तरुणपणी ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात दरबारी गायक झाले. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचं जमलं. घरच्यांना हे नातं मान्य होणं शक्यच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी दोघांनी बडोदा सोडलं आणि मुंबई गाठली. दरबारची नोकरी गेली, आसरा गेला. पुढचं पोट मैफिलींवर आणि शिकवण्यावर.

मग मिरज आलं. सांगतात की खाँसाहेबांना प्लेग झाला होता आणि मिरजेतल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर ते बरे झाले. यातला श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण मिरजेशी त्यांचं नातं शेवटपर्यंत टिकलं हे नक्की. आणि गायकासाठी मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. इथल्या सितार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे अधिकृत भौगोलिक ओळख. तंबोऱ्याची जवारी लावणं, म्हणजे घोडी अशी घासणं आणि तारेखाली दोरा असा बसवणं की तार झणझणत राहील, हे काम खाँसाहेब स्वतः फार बारकाईने बघत.

ही जवारी पुढे आपल्या कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

पहिलं रेकॉर्डिंग: भोंग्यासमोर

१९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या काही तबकड्या काढल्या. तेव्हा माईक नव्हता, ॲम्प्लिफायर नव्हता, वीजच नव्हती. गायकाने मोठ्या भोंग्यासमोर बसून गायचं. भोंग्याच्या अरुंद टोकाला एक पातळ पडदा. आवाजाने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई हलायची आणि ती मेणाच्या फिरत्या तबकडीत खाच पाडायची. खाच पाडायला लागणारी सगळी ताकद गायकाच्या छातीतून यायची.

आता तुमच्या हेडफोनचा ड्रायव्हर आठवा. त्यातही एक पातळ पडदा असतो. त्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं, आणि ते चुंबकाच्या फटीत असतं. वेटोळ्यातून करंट गेला की पडदा पुढेमागे होतो आणि हवा हलते. भोंग्याचं यंत्र म्हणजे याचीच उलटी वाट: हवा आधी हलते, मग पडदा, मग सुई. दोन्हीकडे सगळा खेळ पडद्याचा आहे. तो कुठल्या फ्रिक्वेन्सीला मनापासून हलतो आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला आळस करतो, हेच ग्राफ सांगतो.

भोंग्याचा पडदा बहुतेक ठिकाणी आळशी होता. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात तो नीट चालायचा. त्याच्या खाली आणि वर जवळपास अंधार. शिवाय भोंग्याचं स्वतःचं घुमणं मधेच कुठेतरी उंचवटे आणायचं. खाँसाहेबांचा आवाज बारीक, उंच पट्टीतला, हळुवार. भोंग्याला हवा होता खणखणीत आवाज. तंबोऱ्यासारखं हळू वाद्य तर त्यात जेमतेम उमटायचं. आज असा ग्राफ असलेला इअरफोन कोणी शंभर रुपयालाही घेणार नाही.

देवलांची तार

याच काळात सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे गृहस्थ होते. पेशाने डेप्युटी कलेक्टर. संगीतात नोकरी नाही, पदवी नाही. आपण ज्याला हॉबीइस्ट म्हणतो ते. त्यांना एकच प्रश्न सतावत होता. जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत, त्या नेमक्या कुठे आहेत? त्यांची जागा आकड्यांत सांगता येईल का?

त्यासाठी साधन अगदी साधं: लाकडी पेटीवर ताणलेली तार, खाली मोजपट्टी आणि तारेखाली सरकणारी घोडी. गायक स्वर लावणार. आपण घोडी सरकवत तारेचा स्वर गायकाच्या स्वराशी जुळवायचा आणि लांबी वाचायची. देवलांना हवा होता असा गायक, जो एकच स्वर पुन्हा पुन्हा त्याच जागी लावू शकेल. तो गायक म्हणजे अब्दुल करीम खाँ.

आकडे बघू. समजा पूर्ण तार ९० सेंटीमीटर आहे आणि ती षड्जात मिळवली आहे. तार निम्मी, म्हणजे ४५ केली की वरचा षड्ज. ६० केली की पंचम. ७२ वर येतो शुद्ध गंधार, तंबोऱ्याच्या झणकारात आपोआप ऐकू येतो तो. पण पियानोचा किंवा साध्या हार्मोनियमचा गंधार याच तारेवर ७१.४ च्या आसपास येतो. फरक सहा मिलिमीटरसुद्धा नाही. आजच्या ट्यूनर ॲपच्या भाषेत १४ सेंट, जिथे पूर्ण सप्तक १२०० सेंटचं असतं. एवढाच फरक, पण तंबोऱ्यासमोर बसून हार्मोनियमचा गंधार वाजवा, कानाला खडा लागतो.

देवलांचं पुस्तक १९१० मध्ये पुण्यात छापलं गेलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याने ते काम पुढे नेलं आणि १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. या श्रुतींप्रमाणे खास हार्मोनियमही तयार करवून घेतली गेली. मग वाद पेटला. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या मांडणीवर जोरदार चर्चा झाली. विष्णू नारायण भातखंडे यांना ती पटली नाही. राग हे व्यवहारात बारा स्वरांत नीट मांडता येतात, अशी त्यांची बाजू होती.

कोण जिंकलं? सरळ उत्तर नाही. १९६३ मध्ये नझीर जैरझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्राने मोजून दाखवलं की कलाकारांचे स्वर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि एकच कलाकार एकाच बैठकीत तोच स्वर थोडा इकडेतिकडे लावतो. म्हणजे बावीस खिळे ठोकून स्वर बसवता येत नाहीत. पण देवलांची तार खोटी ठरली असं नाही. तारेने जे मोजलं ते बरोबरच होतं: त्या दिवशी त्या गायकाने लावलेला तो स्वर. चूक झाली ती त्या आकड्यांना कायमचा कायदा मानण्यात.

हेडफोनच्या ग्राफचंही असंच आहे. तो एका नगाचा, एका कपलरवर, एका बसवणीचा ग्राफ असतो. कपलर म्हणजे कानाच्या नळीची नक्कल करणारी छोटी नळी आणि तिच्या टोकाला माईक. इअरफोनची टीप दोन मिलिमीटर आत-बाहेर झाली तर ट्रेबलमधला उंचवटा सरकतो. टीपच्या बाजूने हवा गळली तर बेस गायब. म्हणून घरी मोजणारे लोक एकच इअरफोन चार-पाच वेळा काढून बसवून मोजतात आणि सरासरी घेतात. एकाच रेघेवरून निकाल देणारा रिव्ह्यू जपून वाचा.

पुण्यातली शाळा आणि दुभंगलेलं घर

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. मुलं तिथेच राहायची, तिथेच शिकायची. खर्च भागवायला खाँसाहेब तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करत. उस्तादाने शाळा काढायची, तिकिटावर गायचं, आपला सूर एका कलेक्टराला मोजू द्यायचा, रेकॉर्ड काढू द्यायची: त्या काळात कित्येक गवई आपली चीज भिंतीलाही ऐकू देत नव्हते, तिथे हे सगळं वेगळंच होतं.

घर मात्र टिकलं नाही. १९२० च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली आणि वडिलांचं नाव कोणीच लावलं नाही. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने. चंपाकली झाल्या हिराबाई बडोदेकर. सकीना झाल्या सरस्वती राणे. तिघांनीही मराठी माणसाचं गाणं घडवलं. हिराबाईंनी बाईमाणसाने तिकीट लावून इभ्रतीने मैफल करण्याची वाट रुळवली. प्रभा अत्रे सुरेशबाबू आणि हिराबाईंकडेच शिकल्या. म्हणजे वडिलांचं नाव गेलं आणि सूर राहिला.

नावावरून कोणी ओळखलं नसतं, पण गळ्यावरून ओळखलं असतं. असं का, याचं उत्तर पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

दुसरं रेकॉर्डिंग: माईकसमोर

१९२५ पासून जगभरात इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आलं. आता गायकासमोर माईक, मागे ॲम्प्लिफायर, आणि खाच पाडायला विजेची ताकद. रेंज खाली १०० हर्ट्झच्या आसपास आणि वर ५००० हर्ट्झपर्यंत गेली. हळू गाणाऱ्यांना यंत्राने पहिल्यांदा न्याय दिला.

१९३४ ते १९३६ च्या दरम्यान ओडियन कंपनीसाठी खाँसाहेबांनी ज्या तबकड्या दिल्या, त्याच आज आपण फोनवर ऐकतो. झिंझोटीतली ठुमरी, भैरवीतली ठुमरी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. साठीला आलेला माणूस तीन मिनिटांत पूर्ण राग उभा करतो.

आता ही दुसरी रेकॉर्डिंग्ज पहिल्या भोंग्यातल्या रेकॉर्डिंगशेजारी ठेवा. आवाजाचा पोत पार बदललेला वाटेल. भोंग्यातला आवाज नाकातून आल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातला. माईकमधला आवाज श्वासासकट समोर. पण सूर? सूर दोन्हीकडे जागेवर आहे. भोंग्याला तो हलवता आला नाही.

का? कारण पडदा कितीही वाईट असला तरी तो ३०० हर्ट्झला ३०२ हर्ट्झ करू शकत नाही. तो फक्त ३०० ला मोठं किंवा लहान करतो. गाण्याचा कुठलाही स्वर म्हणजे एकटी फ्रिक्वेन्सी नसते. २२० चा स्वर असेल तर सोबत ४४०, ६६०, ८८० अशी रांग असते. भोंग्याने तळाचा २२० कापला तरी वरच्या रांगेत दोन शेजाऱ्यांमधलं अंतर २२० च राहतं, आणि मेंदू त्यावरून मूळ स्वर ओळखतो. म्हणूनच फोनच्या एवढ्याशा स्पीकरवरही गाणं बेसूर वाटत नाही, फक्त पोकळ वाटतं.

गंमत म्हणजे जुन्या तबकडीत सूर बिघडवणारी एक गोष्ट असते: फिरण्याचा वेग. त्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर रेकॉर्ड होत नव्हत्या. ८० वर रेकॉर्ड झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर सगळं गाणं ४४ सेंटने उतरतं, जवळजवळ अर्धा सेमीटोन. पण सगळं एकत्र उतरतं, त्यामुळे षड्ज आणि गंधारामधलं अंतर तेच राहतं. देवलांची ९० ला ७२ ही मोजणी इथेही टिकते.

तर आपल्या वादाचं उत्तर इथे आहे. मोजमाप आणि कान भांडत नाहीत. ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. देवलांची तार सूर मोजत होती. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आवाजाचा रंग मोजतो. ड्रायव्हर बदलला की रंग बदलतो, सूर बदलत नाही. कुठली गोष्ट मोजली आहे हे आधी विचारलं तर कमेंटमधली निम्मी भांडणं मिटतील.

सिंगपेरुमाळ कोईल, १९३७

२७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. सांगतात की त्यांनी प्लॅटफॉर्मवर अंथरूण घातलं, नमाज पढले, दरबारीत ईश्वराला आळवलं आणि तिथेच प्राण सोडला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे आजही दरवर्षी गवई येऊन गातात.

त्याच १९३७ साली जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ बाजारात आला. पहिला डायनॅमिक हेडफोन म्हणून तो ओळखला जातो. आज तुमच्या कानावर जो ड्रायव्हर आहे, बहुतेक वेळा तो त्याच जातीचा असतो. खाँसाहेबांनी तो कधी लावला नाही. त्यांना पुढच्या पिढीने ऐकलं ते भोंग्याच्या ग्रामोफोनवर. गदगमधल्या एका शाळकरी पोराने दुकानात वाजणारी त्यांची तबकडी ऐकली आणि असंच गायचं हे डोक्यात घेऊन पुढे घर सोडलं. ते भीमसेन जोशी. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले, आणि गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू झाला. डिसेंबरात आपण ज्याला नुसतं 'सवाई' म्हणतो, तोच. दुकानातल्या त्या ग्रामोफोनचा ग्राफ कोणी काढला असता तर हसू आलं असतं. पण त्या पोराला हवा होता तो सूर, आणि तो पोचला.

हेडफोन लावून स्वतः बघा

दोन हेडफोनची तुलना करायची असेल तर खाँसाहेबांच्या निमित्ताने हे करून बघा.

१. आवाज समान करा. एक-दोन डेसिबल मोठा असलेला हेडफोन नेहमी 'चांगला' वाटतो, ही कानाची सवय आहे. आधी दोन्हींची पातळी जुळवा, मगच मत द्या.

२. बेस आणि ट्रेबल जुन्या रेकॉर्डवर तपासू नका. १९३५ च्या तबकडीत ५००० हर्ट्झच्या वर गाणं नाही, खरखर आहे. जो हेडफोन ती खरखर टोचून ऐकवतो त्याचं ट्रेबल वर आहे, एवढंच कळेल. ही तबकडी आवाजाचा मधला पट्टा तपासायला उत्तम: गळा जवळ वाटतो की डब्यातला?

३. तंबोऱ्याचं आजचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावा. मघाची जवारी आठवा. घोडीच्या रुंद, वक्र माथ्यावर तार घासत राहते, त्यामुळे एका छेडण्यातून स्वरांची लांबच लांब रांग उठते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहिलं होतं की तंबोऱ्याची आणि वीणेची घोडी तारेच्या नेहमीच्या नियमात बसत नाही. ही रांग म्हणजे फुकटचा टेस्ट सिग्नल. ड्रायव्हरमध्ये कुठे खड्डा असेल तर तिथला झणकार मंद होतो. उंचवटा असेल तर एकच स्वर कानात घुसतो.

४. मग ग्राफ उघडा. आधी कानाने जागा शोधा, मग रेघेत ती जागा सापडते का बघा. सापडली तर तुमचा कान एक पायरी वर गेला. नाही सापडली तर टीप नीट बसली होती का ते तपासा.

ग्राफ वाचता येणं ही चांगली गोष्ट आहे, जरूर शिका. फक्त हेडफोनच्या निमित्ताने एकदा झिंझोटीची ती तीन मिनिटं शांत बसून ऐका. पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही ड्रायव्हर तपासत असाल. त्यानंतर नसाल.